श्रीनू ॲट बार्शी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसत वाचतेय. पिंपळाखालची बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा... असलं काही माझ्या बाबतीत कधी घडलं नाही आणि घडेल असं वाटलंही नव्हतं. माझं माहेर बार्शीचं. वडील शाळेत मास्तर. आमच्या घरात अंगारे-धुपारे, बाबा-बुवा यांना थारा नव्हता. गल्लीत कुणाच्या अंगात आलं तर वडील त्या बाईला पाणी पाजून, रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचे. मी वाढले ती अशा माणसाच्या हाताखाली.

त्यात माझं काम कॉम्प्युटरचं. सोलापुरात एका खासगी कॉलेजची कॉम्प्युटर लॅब मी सांभाळते. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं. वायर सैल असते, डिस्क गेलेली असते, नाहीतर माणसानं चुकीचं बटण दाबलेलं असतं. कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं, एवढा साधा हिशोब. म्हणूनच हे लिहिते आहे. मी शोधलंय, आणि नीट शोधलंय.

श्रीनिवास — आम्ही त्याला श्रीनू म्हणायचो — माझा पॉलिटेक्निकचा वर्गमित्र. साखर पेठेत त्यांचा चादरींचा कारखाना, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये थोडेसे यंत्रमाग. चादरीवर जी नक्षी येते ती पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून मागाला 'सांगावी' लागते. ती भोकं पाडणारं एक जुनं पंचिंग मशीन श्रीनूनं इचलकरंजीहून आणलं होतं. त्याच्याबरोबरचं सॉफ्टवेअर कुठे हरवलेलं, म्हणून या पठ्ठ्यानं स्वतःच लिहिलं, लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीवर. कॉलेजात आम्ही दोघं मिळूनच लिनक्स शिकलो होतो, पण मी पुढे नोकरीला लागले आणि त्यानं त्यावर अख्खा कारखाना चालवला.

कोरोनात श्रीनू गेला.

पंचिंगचं काम त्याची बायको लक्ष्मी बघायला लागली. ती त्याच्याशेजारी बसून शिकली होती. सासरे, म्हणजे नरसय्याकाका (ती त्यांना मामा म्हणते), माग बघायचे आणि ही कार्डं पाडायची. बरं चाललं होतं. मग या उन्हाळ्यात एकदा लाईट गेली, आली, परत गेली, आणि तो जुना कॉम्प्युटर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर 'एल' आणि 'आय' अशी दोन अक्षरं यायची आणि तिथंच सगळं ठप्प.

लक्ष्मीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, पण आवाज रडून झाल्यासारखा होता.

"ताई, ह्यांची सगळी डिझाईनं त्यातच हायती. दुसरीकडं कुटंच न्हाईत. मामा म्हणालेत, मशीन भंगारात घालू आणि कारखाना भाच्याला चालवायला देऊ."

"आणि तू?"

"मी काय... घरात बसायचं. न्हाईतर आईसारखं विड्या वळायच्या." मग म्हणाली, "ताई, मला ते काम येतंय हो आता. चांगलं येतंय."

मी दुसऱ्याच दिवशी जाऊन बघून आले. कॉम्प्युटर इतका जुना की पेन ड्राईव्ह लावायला जागा नाही आणि सीडी ड्राईव्ह मेलेला. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावावी, तर ती कॉम्प्युटरच्या आतल्या ज्या सर्किट-कार्डावर चालते ते कार्ड आजच्या कुठल्याच मशीनला बसत नाही. शिल्लक राहिला तो फ्लॉपी ड्राईव्ह. आजच्या मुलांना फ्लॉपी म्हणजे 'सेव्ह'च्या बटणावरचं चित्र, पण अशा वेळी फ्लॉपीवरून कॉम्प्युटर सुरू करून आतला माल बाहेर काढता येतो. याला रेस्क्यू फ्लॉपी म्हणतात.

अडचण एकच होती. तयार मिळणाऱ्या रेस्क्यू फ्लॉपीला श्रीनूच्या मशीनमधलं ते कार्ड ओळखू येत नव्हतं. मग कर्नल आपलं आपणच बनवायचं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा गाभा. फ्लॉपीत जेमतेम दीड एमबी मावतं. त्यामुळे आवाज, नेटवर्क, प्रिंटर असलं नको ते सगळं त्यातून काढून टाकायचं आणि लागणारं तेवढंच ठेवायचं. भाताला जागा करण्यासाठी डब्यातून भाजी काढण्यासारखं काम. माझ्या लॅपटॉपवर मी जुनं लिनक्स घातलं, कर्नल बांधून देणारा जुना प्रोग्राम, म्हणजे कंपायलर, शोधला, आणि दोन संध्याकाळी खपून कर्नल तयार केलं. घरातल्या जुन्या फ्लॉप्यांपैकी निम्म्यांना बुरशी आलेली. लॅपटॉपला बाहेरून फ्लॉपी ड्राईव्ह जोडून त्यातल्या एका चांगल्या निळ्या फ्लॉपीवर ते उतरवलं, वर चिकटपट्टी लावून माझ्या अक्षरात 'बूट', म्हणजे कॉम्प्युटर सुरू करायची, असं लिहिलं. दुसरीवर बाकीची लागणारी हत्यारं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कर्नल ज्या कॉम्प्युटरवर तयार होतं, त्या कॉम्प्युटरचं नाव आणि तयार करणाऱ्या माणसाचं, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरच्या त्याच्या खात्याचं, नाव त्यात आपोआप कोरलं जातं. सुरू होताना अगदी पहिल्या ओळीत ते दिसतं. आधी माणसाचं नाव, मग 'ॲट'ची खूण, मग मशीनचं नाव. माझ्या लॅपटॉपला मी बार्शी नाव दिलंय. म्हणजे माझ्या कर्नलच्या पहिल्या ओळीत 'वैशाली ॲट बार्शी' असं यायला हवं. येतंच. आजवर दरवेळी आलंय.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी कारखान्यात गेले. माग बंद होते, त्यामुळे शेडमध्ये चमत्कारिक शांतता. साखर पेठेत त्या शांततेची सवय नसते. नरसय्याकाका दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना या उद्योगात रस नव्हता, किंवा तसं दाखवत होते.

"बघ अम्मा, झालं तर झालं," म्हणाले. "न्हाई झालं तर न्हाई. लई जीव लावू नको."

लक्ष्मी माझ्याशेजारी स्टूलवर. मी निळी फ्लॉपी आत सरकवली, मशीन चालू केलं. फ्लॉपीचा तो करकर आवाज... मॉनिटर जरा लुकलुकला म्हणून मी मागची वायर दाबायला वाकले.

"ताई," लक्ष्मी म्हणाली, "हितं ह्यांचं नाव का आलंय?"

"कुणाचं?"

"ह्यांचं. एस, आर, आय, एन, यू. श्रीनू."

मी डोकं वर काढेपर्यंत ओळी वर सरकून गेल्या होत्या. पडद्यावर संदेश होता — दुसरी फ्लॉपी घाला आणि एंटर दाबा. मला वाटलं हिला भास झाला. मी 'बूट' फ्लॉपी काढून कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवली, दुसरी घातली, एंटर दाबलं. मशीन सुरू झालं. आणि हार्ड डिस्क दिसली! व्यवस्थित. श्रीनूची सगळी डिझाईनं एकाखाली एक... मोर, कुयरी, वेल, फुलं. मला इतका आनंद झाला की नावाचं विसरूनच गेले. लक्ष्मी विसरली नव्हती.

"ते पयल्यांदा आलेलं परत दाखवता येतंय का?"

येतं. सुरुवातीच्या ओळी परत बघण्यासाठी एक आज्ञा आहे. मी ती दिली. पहिली ओळ आली, आणि त्यात खरंच 'श्रीनू' होतं. मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काका उठून आले होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

"कुटं हाय?" म्हणाले.

लक्ष्मीनं बोट ठेवून दाखवलं. काकांनी त्या अक्षरांवर, पडद्याच्या काचेवर, हात ठेवला आणि घरच्या तेलुगूत काहीतरी पुटपुटले. लक्ष्मीनं पदर तोंडाशी नेला.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी म्हटलं, "काका, श्रीनूनंच हे मशीन बसवलं होतं ना. हार्ड डिस्कवर त्याचं कर्नल आहे, त्यात त्याचं नाव असणारच. तेच सुरू झालं असेल." दोघांना ते पटलं. मलाही पटलं. मग मी एकेका फ्लॉपीवर डिझाईनं उतरवत बसले, आणि कुतूहल म्हणून श्रीनूच्या कर्नलची फाईलही घेतली. निघताना दोन्ही फ्लॉप्या पर्समध्ये टाकायला लागले तर लक्ष्मीनं निळी उचलली.

"ही हितंच ऱ्हाऊ द्या ताई."

मी राहू दिली. तिनं ती देवघरात नेऊन ठेवली.

रिक्षातून घरी येईपर्यंत मी खूश होते. घरी चहा घेता घेता मात्र खटकायला लागलं. हार्ड डिस्कवरचं कर्नल सुरू झालं असतं तर त्यानं दुसरी फ्लॉपी मागितली नसती! दुसरी फ्लॉपी मागायला फक्त माझं कर्नल शिकवलेलं होतं. म्हणजे जे चाललं ते फ्लॉपीवरचंच. मग त्यात...

लॅपटॉप उघडून मी माझी सगळी निवड तपासायला घेतली. कर्नल बनवताना प्रत्येक भागापुढे आपण सांगायचं असतं. 'वाय' म्हटलं की तो भाग गाभ्यातच जातो. 'एम' म्हटलं की तो वेगळ्या फाईलमध्ये राहतो आणि ती फाईल नंतर जोडावी लागते. श्रीनूच्या त्या डिस्कच्या कार्डापुढे मी 'एम' दिलं होतं. नवशिके करतात ती चूक. आणि ती वेगळी फाईल मी कुठल्याच फ्लॉपीवर घातली नव्हती. दुसरी फ्लॉपी उलटीपालटी करून पाहिली, नाहीच.

म्हणजे माझ्या कर्नलला ती हार्ड डिस्क दिसणंच शक्य नव्हतं. आणि डिझाईनं तर माझ्यासमोर टेबलावर पडली होती. एकेक उघडून बघत होते, मोर होता, कुयरी होती...

श्रीनूचं जुनं कर्नल मी घेऊन आले होते, तेही तपासलं. त्याच्या आत 'श्रीनू' कुठेच नव्हतं. कामाच्या घाईत त्यानं ते मुख्य खात्यातून बनवलेलं, त्यामुळे नावाच्या जागी नुसतं 'रूट'.

मी कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून लक्ष्मीला फोन केला. म्हटलं, आपण नक्की काय वाचलं ते तिच्या तोंडून ऐकू या.

"श्रीनू," ती म्हणाली. "मग ते गोल ए. मग बार्शी."

"काय?"

"बार्शी. मी पण इचारनार होते. आमचं बार्शीला कोण न्हाई की."

तिचं बरोबर होतं. मीही ते वाचलं होतं. पण त्या जागी 'बार्शी' बघायची माझ्या डोळ्याला इतकी सवय की मला ते दिसून दिसलंच नाही. हा लॅपटॉप मी श्रीनू गेल्यावर घेतलाय. त्याचं नाव बार्शी आहे हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. आणि त्यावर श्रीनू नावाचं खातं नाही, कधीच नव्हतं.

मी लक्ष्मीला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे. तिचा आवाज अगदी खाली आला.

"ताई, रागावू नका. खरं सांगा. तुमी तर घातलं न्हाई ना ते? मला बरं वाटावं म्हणून?"

मला राग नाही आला, पण लागलं. आणि लगेच कळलं की तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं. माझ्या लॅपटॉपवर बनलेलं कर्नल, माझी फ्लॉपी, त्यात तिच्या नवऱ्याचं नाव. दुसरं कोण घालणार?

"लक्ष्मी, माझ्या मुलीची शपथ," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी शपथ घेतली. "फ्लॉपी तुझ्याकडेच आहे. मी तिला हात लावत नाही. तूच लाव, तूच बघ."

पुढच्या रविवारी परत गेले. फ्लॉपी देवघरातून लक्ष्मीनंच आणली. चिकटपट्टीवर माझं अक्षर, वर हळदीकुंकवाची बोटं. तिनंच आत घातली, तिनंच बटण दाबलं. मी हात मागे बांधून उभी. काका यावेळी दाराशी नव्हते, आमच्या खांद्यावरून बघत होते.

करकर झालं. पहिली ओळ आली. लक्ष्मीनं वाचली.

"व्ही, ए, आय..." आणि थांबली.

वैशाली ॲट बार्शी.

दुसरी फ्लॉपी घातली, एंटर दाबलं. मशीन सुरू झालं. हार्ड डिस्क? अशी काही वस्तू या कॉम्प्युटरला जोडलेलीच नाही, असं त्याचं म्हणणं. बरोबरच होतं. मी 'एम' दिलं होतं ना.

परत केलं. मशीन गार होऊ दिलं आणि पुन्हा केलं. दरवेळी माझंच नाव, दरवेळी डिस्क गायब. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं, कारण मशीन आता शिकवल्याप्रमाणे वागत होतं. पण मला नुसतं गोंधळल्यासारखं होत होतं. मग त्या दिवशी काय चाललं होतं?

"आता न्हाई येत का?" काकांनी विचारलं.

लक्ष्मीनं नुसती मान हलवली. त्यांनी परत विचारलं नाही. चप्पल घातली आणि माग बघायला गेले. पलीकडून एक माग सुरू झाल्याचा खडखडाट आला, मग दुसरा.

लक्ष्मीनं मशीन बंद केलं. "ऱ्हाऊ द्या ताई," म्हणाली. "मी उगंच शंका घेतली. तुमी हात पण लावला न्हाई, मी बघितलं की."

आता पुढचं. ती डिझाईनं नवीन कॉम्प्युटरवर घातली, पंचिंग मशीन त्याला जोडण्यासाठी श्रीनूचं सॉफ्टवेअर थोडं बदलावं लागलं, ते मी केलं. कारखाना भाच्याकडे गेला नाही. लक्ष्मी कार्डं पाडते आणि आता स्वतःची डिझाईनंही करायला लागलीय. तिनं काढलेली एक वेल काकांनी मागावर चढवली, कौतुक मात्र केलं नाही. त्यांच्याकडे तेच कौतुक, असं ती म्हणते.

माझ्या ओळखीतल्या लिनक्सवाल्यांना मी हा प्रकार सांगितला. एकजण म्हणाला, श्रीनूची जुनी फ्लॉपी ड्राईव्हमध्ये राहिली असेल. ड्राईव्ह रिकामा होता, मी स्वतः बघितलं. आणि श्रीनूच्या फ्लॉपीवर बार्शी कुठून येईल? दुसरा म्हणाला, तूच कधीतरी श्रीनू नावानं खातं उघडलं असशील, विसरली असशील. लॅपटॉपवर अशा गोष्टीची नोंद राहते. ती बघितली, तसं काही नाही. नवरा म्हणतो, दोघी दमलेल्या होतात, दोघींच्या मनात तोच होता. मान्य. पण मनानं नाव वाचता येईल हो, डिझाईनं कशी उतरवता येतील? ती तर मागावर विणली जातायत, लोक ती चादर पांघरून झोपतायत.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवायला लागलेय का? नाही. श्रीनू आला होता असं मी म्हणते का? नाही म्हणत. मग काय म्हणते, तर तेच मला कळत नाही.

मागच्या आठवड्यात लक्ष्मीकडे गेले होते. कामाचं बोलून झालं. दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या त्या लॅपटॉपवर ह्यांच्या नावाचं खातं उघडता येतंय का?"

"येतं. पण कशाला?"

"असू द्या की. लागलं तर."

मी हसून विषय बदलला. घरी आले. एका ओळीची आज्ञा आहे, काही कष्ट नाहीत. परवा लॅपटॉप उघडला होता, दुसरंच काम होतं, आणि बसल्या बसल्या ते खातं उघडलं. पासवर्ड काय द्यावा ते सुचेना. रिकामाच ठेवला.

अजून तरी त्यात कुणी आलेलं नाही. मी रोज बघते. का बघते, ते मला विचारू नका.